विक्का की घरचा देव्हारा? स्वतःची साधना बांधायची असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात मंत्र-तंत्राची, देवीची, जादूची मनापासून ओढ असलेली तरुण मंडळी हल्ली मोबाईलवरून थेट विक्कापर्यंत, म्हणजे इंग्लंडमधून आलेल्या जादू आणि देवी-देव यांच्या उपासनेच्या रीतीपर्यंत, पोचलेली असतात. त्याच घरात आजीच्या वेळचे चांदीचे टाक असतात, यल्लम्माची परडी असते, वर्षातून एकदा डोंगरावर जाणं असतं. मग सुरुवात कुठून करायची, असं मला बरेच जण विचारतात. मी दोन्ही वाटांनी चाललो आहे, काही वर्षं तर एकाच वेळी. विक्काच्या विधीचं वर्तुळ कसं आखायचं किंवा घट कसा बसवायचा हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो.

आधी विक्का. ही परंपरा प्राचीन असल्याचं सांगितलं जातं, पण आज जी रीत आपल्यापर्यंत येते ती तशी अलीकडची आहे. ब्रिटनमधला जादूटोण्याविरुद्धचा 1735 चा कायदा 1951 साली रद्द झाला आणि त्यानंतर ही रीत पुढे आणणारे जेराल्ड गार्डनर उघडपणे लिहू-बोलू लागले. विधींची भाषा पुष्कळशी डोरीन व्हॅलिएन्टे यांनी घडवली. नवेपणा हा मला दोष वाटत नाही. माणसांनी जाणूनबुजून बांधलेली रीत असल्यामुळे तिच्यात एक स्वच्छपणा आहे. कुणाला इजा होऊ द्यायची नाही हा नियम अगदी पहिल्या पानावर असतो. मध्ये कुणी पुजारी लागत नाही, एकट्याने घरी बसून करता येतं. बाई कुठल्या दिवसांत आहे, कुणाच्या जातीचं पाणी चालतं, असले प्रश्नच उद्भवत नाहीत. आणि नोंदवही ठेवावी लागते: काय मागितलं, कधी मागितलं, पुढे काय झालं. आपल्याकडच्या एकाही देवरशाने मला असं काही लिहून ठेवायला सांगितलेलं नाही.

इतकं चांगलं असूनही माझं घोडं अडलं ते वर्षचक्रावर.

विक्काचे आठ सण सूर्याच्या फेऱ्यावर बसवलेले आहेत, आणि तो सूर्य इंग्लंडचा आहे. 1 ऑगस्टला लुनासा, म्हणजे पहिल्या कापणीचा सण. नव्या धान्याची भाकरी करून वेदीवर ठेवायची. त्या दिवसांत खानापूरच्या शिवारात गुडघाभर चिखलात भाताची रोप लावण चाललेली असते. आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. उदबत्ती मऊ पडते, मिठाच्या भांड्याला पाणी सुटतं, काडेपेटीतल्या काड्या नुसता गुल टाकून विझतात. अशा सादळलेल्या खोलीत बसून पिकल्या धान्याबद्दल सूर्यदेवाचे आभार मानायचे, तर शब्द तोंडातून निघत नाहीत. धान्य अजून पिकायचं आहे आणि सूर्याचा पत्ता नाही.

डिसेंबरात यूल येतो, अंधारातून सूर्याच्या पुनर्जन्माचा सण. बेळगाव विषुववृत्तापासून जेमतेम 16 अंशांवर आहे. आपला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत साधारण दोन तासांचा फरक पडतो, लंडनला तोच पावणेनऊ तासांच्या घरात जातो. तिथल्या माणसाला डिसेंबरात दुपारी चारला दिवा लावावा लागतो, त्याला सूर्य परत यावासा वाटणं अगदी खरं आहे. आपल्याकडे मात्र डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात लख्ख महिना. मळण्या झालेल्या असतात, आभाळ निरभ्र असतं, थंडी गोड असते. आपला काळोख आषाढात असतो. 31 ऑक्टोबरच्या साउइनचंही तेच. पितरांना बोलवायची ती रात्र. आपले पितर भाद्रपदात म्हाळाचं जेवून गेलेले असतात आणि त्या सुमारास गल्लीत आकाशकंदील लागलेले किंवा लागण्याच्या बेतात असतात.

यावर एक उत्तर देतात: ऑस्ट्रेलियातले लोक चक्र सहा महिन्यांनी फिरवून घेतात, तुम्हीही फिरवा. पण आपला पावसाळा कसंही फिरवलं तरी त्या आठ घरांत बसत नाही. कदाचित दुसऱ्या कुणाला हे इतकं टोचणार नाही. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा शिवाराशी संबंध नसेल, तर त्याला ते आठ दिवस नुसत्या तारखा म्हणूनही पाळता येतील. मला ते जमलं नाही. साधना म्हणजे आपण ज्या मातीवर उभे आहोत तिच्याशी जुळवून घेणं असेल, तर दर दीड महिन्याने खोटं बोलल्यासारखं वाटून चालत नाही.

आता घरची बाजू. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या बांगड्या फुटतात, ती रांडाव पुनव. माघ पौर्णिमेला तिला पुन्हा हिरवा चुडा भरतात, ती अहेव पुनव. मरण, विरह आणि परत येणं ही सगळी कथा विक्काच्या चक्रात देवाच्या मृत्यू-जन्माच्या रूपाने सांगितलेली आहे. आपल्याकडे ती देवीच्या मनगटावर घडते, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी याच काळात, आणि जोगळभावीच्या कुंडात अंघोळ करून "उदं गं आई उदं" म्हणत चढणारी हजारो माणसं तिच्यात सामील असतात. मधल्या दोन महिन्यांत मी नवं काही मागत नाही. तिच्या दुःखाचे दिवस असताना आपलं पुढे करणं बरं वाटत नाही.

पावसाळ्याचंही तसंच. ज्येष्ठी पुनवेला कर्नाटकी बेंदूर, पुढे आषाढात कोल्हापूरकडचा. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा, बैलांना पुरणपोळी दोनदा. मग अनेक गावांत वार पाळतात, त्या दिवशी शेतात कुणी जात नाही. नवरात्रात घटाच्या मातीत पेरलेले दाणे नऊ दिवसांत वीतभर वाढतात; झाकलेल्या जागेत वाढल्यामुळे ती रोपं पिवळसर, कोवळी असतात आणि दसऱ्याला ती टोपीत, अंबाड्यात खोवली जातात. वाढीच्या सामर्थ्याची पूजा म्हणून मला याहून नेमका विधी कुठेच सापडलेला नाही.

देव आणि जादू यांविषयीच्या समजुतीतही फरक पडतो. विक्कातले अनेक जण सगळ्या देवी एकाच देवीची रूपं मानतात, काही जण तिला मनातली शक्ती समजतात, आणि मंत्र म्हणजे आपल्या इच्छेला दिशा देणं. मला हे विचार म्हणून पटतात. अनुभवात मात्र सौंदत्तीची यल्लम्मा वेगळी आणि चिंचलीची मायाक्का वेगळी वाटते. दोघींच्या दारात उधळलेला भंडारा सारखाच पिवळा असला तरी तिथे उभं राहिल्यावर अंगावर येणारा भाव एक नसतो. शिवाय आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात. आपली अडचण पुढे मांडायची आणि निकाल तिच्यावर सोडायचा. कौल लावला तर पाकळी डावीकडची, म्हणजे नकाराची, पडू शकते. देवीला नाही म्हणायची मुभा असणं, हे मला जादूविषयीच्या कुठल्याही सिद्धांताहून मोठं वाटतं. नकार मिळाल्यावर माझं मन जितकं शांत झालं आहे, तितकं मेणबत्तीचा विधी यशस्वी झाल्यावरही झालं नव्हतं.

चिन्हं काढून, ती मनात ठसवून, मग विसरून जाण्याची जादूची एक तिसरी रीतही आहे. ऑस्टिन स्पेअर या चित्रकाराच्या कल्पनांवरून सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये तिला जोर आला. देवाची गरज नसणाऱ्याला ती सोयीची आहे. ज्याला आईच हवी आहे, त्याची भूक तिने भागत नाही.

घरच्या वाटेवरचे काटे लपवून ठेवणं बरोबर नाही. मधली माणसं हा सगळ्यात मोठा काटा. आमच्या घरी आजारपण चालू असताना एका देवरशाने भावकीतल्याच एका बाईने करणी केल्याचं सांगितलं आणि उताऱ्यासाठी भलीमोठी रक्कम मागितली. पैसे दिले नाहीत, पण त्या बाईकडे बघण्याची घरातल्यांची नजर कितीतरी दिवस बदललेली होती, याचं मला अजून वाईट वाटतं. तिचा काही दोष नव्हता. यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याची प्रथा याच परंपरेत वाढली. कर्नाटकात तिच्यावर 1982 च्या कायद्याने बंदी आली. अघोरी प्रथांविरुद्धचा 2017 चा कायदा जानेवारी 2020 पासून लागू आहे. घरातली उपासना, यात्रा, प्रदक्षिणा यांना त्याची आडकाठी नाही. जो कुणाचं नाव घेऊन करणी सांगतो, त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नका, मग तो कितीही नावाजलेला असो.

म्हणून मी विक्काकडून दोन गोष्टी ठेवून घेतल्या: नोंदवही, आणि कुणाला इजा न करण्याचा नियम. बाकी सगळं घरचं. रोझमेरी, सेज मागवणं थांबवलं. कडुलिंब, हळद, ऊद, लिंबू, नारळ बाजारात जाता-येता मिळतात आणि त्यांचा वास आपल्या अंगाला ओळखीचा असतो.

ज्यांच्या घरात देव्हाऱ्याला हात लावायलाच मनाई आहे, किंवा ज्यांना घरच्या देवाच्या नावाने नुसती भीतीच दाखवली गेली आहे, त्यांनी विक्कापासून सुरुवात केली तर मी अडवणार नाही. मोकळा श्वास आधी महत्त्वाचा. फक्त आठ सणांचा तक्ता भिंतीवर लावण्याआधी एक वर्षभर पंचांग घेऊन आपल्या शिवाराची नोंद करा: पहिला पाऊस कधी, रोप कधी लागलं, कणसं कधी भरली, गावाने वार कधी पाळले, घरात नैवेद्य कुणाला आणि कधी जातो. सुरुवातीला मृग नक्षत्र चांगलं. यल्लम्माला जायचं असेल तर पुनवेची गर्दी टाळून साध्या मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी जा, आणि पहिल्या खेपेला काही मागू नका.