सड्यावरच्या कातळशिल्पांसाठी: ३६० अंशांची सफर की त्रिमितीय मॉडेल?

गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळशिल्पं (खडकात कोरलेल्या जुन्या आकृत्या) आहेत आणि वाडीच्या बैठकीत ‘आभासी संग्रहालय करूया’ असं ठरलंय. पैसा मात्र एकाच कामापुरता. पर्याय दोन: ३६० अंशांची सफर किंवा फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक फोटो जुळवून, केलेलं त्रिमितीय मॉडेल.

सफरीचं काम झटपट होतं. स्टँडवर कॅमेरा ठेवून चार-सहा जागांवरून चहूबाजूंचं टिपलं की झालं. मुंबईतला चाकरमानी मोबाइलवर सडा फिरून येतो, शाळेतल्या पोरांनाही मजा वाटते. पण जिथे कॅमेरा उभा होता तिथूनच बघायचं आणि खात्रीचं मोजमाप काही हाती लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. माणसाच्या उंचीवरून एवढी आकृती नजरेत मावतच नाही.

मॉडेलला मेहनत जास्त. एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारे शेकडो फोटो काढायचे, मोठ्या शिल्पाला ड्रोन लावायचा, चौकटीत मोजपट्टी ठेवायची. सॉफ्टवेअर त्यातले सामायिक बिंदू जुळवून कातळाचा पृष्ठभाग उभा करतं. जांभ्या दगडात कोरलेल्या अनेक रेषा उथळ असतात, भर दुपारी त्या दिसतही नाहीत. मॉडेलवरचा रंग काढून प्रकाश तिरपा पाडला की एखाद्या प्राण्याची पुसट झालेली शेपटीसुद्धा उठून येते. काही वर्षांनी पुन्हा तसेच फोटो घेतले तर झीज किती झाली तेही कळतं. आणि चिरेखाण किंवा रस्त्याच्या कामात शिल्प गेलंच, तर निदान मापांसकट नोंद उरते.

म्हणून मी आधी मॉडेलच करून घ्या म्हणेन. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या तात्पुरत्या यादीत आहेत. अशा वेळी नेटक्या नोंदींचं मोल फार मोठं आहे. सफर पुढच्या वर्षी करता येईल. फक्त पर्यटकच आणायचे असतील, तर मात्र सफर पुरे.

काम कुणालाही द्या, पण मूळ फोटो गावाकडे राहतील असं लेखी घ्या आणि ते दोन वेगळ्या घरांत, दोन हार्ड डिस्कवर ठेवा. सफर कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर वार्षिक फी थकली की ती बंद पडू शकते. काम पावसानंतर, गवत वाळल्यावर काढा. मऊ केरसुणीने माती झाडा, पण फोटोत उठून दिसावं म्हणून रेषांत खडू किंवा चुना कुणालाही भरू देऊ नका.