चीनमध्ये बघायला शीआन शहराची तटबंदी की नानजिंगची?
दोन्ही मिंग राजघराण्याच्या काळातल्या, त्याचा पहिला सम्राट होंगवू याच्या राजवटीतल्या, पण अनुभव एकदम वेगळा. शीआनचा तट सलग आहे, जवळपास १४ किमीचा चौकोन, वरची वाट १२-१४ मीटर रुंद, त्यामुळे सायकल भाड्याने घ्या आणि निवांत अख्खी फेरी मारा, पोरं सोबत असतील तर डोळे झाकून हेच निवडा. नानजिंगचा तट मूळचा ३५ किमीच्या आसपास, आता साधारण २५ उरलाय, तोही तुकड्यातुकड्यांत, आणि डोंगर-तळी बघून वाकडातिकडा वळवलेला. पण इतिहास वाचायचा असेल ना तर नानजिंगच! तिथल्या विटांवर बनवणाऱ्याचं, अधिकाऱ्याचं नाव कोरलंय, वीट कच्ची निघाली की कोणाला धरायचं ते ठरलेलं (आपल्या रस्त्यांवर पण छापा की राव). झोंगहुआ दरवाज्यात सैनिक लपवायला २७ भुयारं आहेत, तिथे अर्धा दिवस ठेवाच.