शाळेचा बँड कोणता : लेझीम-ढोल, बिगूल, ब्रास की पाइप?

जुलै उजाडला की शाळाशाळांतून एकच विषय निघतो : यंदा पंधरा ऑगस्टला आपला बँड हवा. हातात जेमतेम सहा आठवडे उरलेले असतात, आणि तेवढ्यात कोटेशने मागवली जातात. अशी घाईत घेतलेली वाद्ये दोन वर्षांत कपाटावर जाऊन बसतात. कारण विचार होतो तो वाद्याचा. शिकवणार कोण, आठवड्यात किती तास मिळणार आणि दहावीनंतर मुलाच्या हाती काय उरणार, हे विचारायचे राहूनच जाते. खालचे चार पर्याय या तीन प्रश्नांवर तपासले आहेत. शाळा साधारण अशी धरली आहे : पाचवी ते नववीची चाळीस मुले-मुली, एक मैदान, आणि बँड सांभाळणारे पी.टी.चे किंवा संगीताचे एक शिक्षक.

लेझीम आणि ढोल-ताशा

सहा आठवड्यांत खरोखर उभे राहते ते एवढेच. रोज अर्धा तास दिला तर पाचवीची मुलेही आठ मात्रांचे चार-पाच प्रकार सफाईने करतात. चाळीस लेझमींना दोन ढोल, दोन ताशे, एक हलगी आणि झांजेची एक जोडी पुरते. नव्या मुलांना आधी चार दिवस मोकळ्या हातांनी पावले शिकवा, लेझीम नंतर द्या. पाय आणि हात एकदम शिकवले की मूल लेझमीकडे बघत राहते आणि रांग मोडते. दर आठवड्याला साखळीच्या कड्या आणि चकत्यांचे खिळे पाहा. उघडी राहिलेली कडी अंगठा फाडते.

ढोलात गोम वेगळी आहे. टिपरू मनगटातून पडायला हवे. मुले खांद्यातून मारतात, दहा मिनिटांत थकतात आणि लय ओढू लागते. ढोल कमरेला बांधताना दोरी पोटावर न येता कमरेच्या हाडावर बसली पाहिजे. सहावीच्या मुलाला मोठ्यांचा ढोल देऊच नये.

आवाजाचा प्रश्न मात्र शाळांनी मनावर घ्यायला हवा. कामाच्या ठिकाणासाठी मानली जाणारी मर्यादा आठ तासांना 85 डेसिबल आहे, आणि दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. ताशाशेजारी उभ्या असलेल्या मुलाला रोजच्या सरावात इअरप्लग द्या, आणि पथक सभागृहात कधीही वाजवू नका. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा आणि रुग्णालयांभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तेव्हा शेजारी दवाखाना असेल तर सरावाची जागा आधी ठरवा, वाद्ये मग घ्या.

पुढची वाट? पुण्यात ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबाग या शाळांच्या नावांशी पथकांची परंपरा जोडलेली आहे, आणि शाळेत हात बसलेली मुले पुढे मोठ्या पथकांत जातात. पण हातात कागद येत नाही. तो हवा असेल तर ताशा चांगला वाजवणाऱ्या मुलाला तबला किंवा पखवाज लावून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवावे. दहावीला शास्त्रीय वादन आणि लोककलेसाठी वाढीव गुणांची तरतूद आहे. त्यासाठीची प्रमाणपत्रे शाळेने वेळेत जोडावी लागतात, आणि मुलांचे नुकसान होते ते नेमके तिथे.

बिगूल आणि ड्रम

सर्वांत जास्त शाळा हा संच घेतात आणि सर्वांत जास्त फसतात त्याही याच संचात. बिगुलाला पडदे किंवा व्हॉल्व्ह (सूर बदलण्यासाठी दाबायच्या कळा) नसतात. ओठांच्या ताणावर निघतात ते सूर असे : सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. रे, म, ध, नी त्यात नाहीतच. जन-गण-मन सुरू होते सा-रे-ग वर, त्यामुळे बिगुलावर ते वाजत नाही. शिकवणारा कितीही चांगला असला तरी नाही. संस्थाचालकांना हे खरेदीपूर्वी सांगा, नाहीतर सव्वीस जानेवारीला दोष मुलांच्या माथी येतो. बिगुलाचे काम इशाऱ्यांचे आणि संचलनाच्या ठरावीक धुनांचे. ते त्याने केले तर देखणे दिसते.

नवशिक्याला पहिले तीन आठवडे फक्त मधला प आणि वरचा सा. गाल फुगवून, ओठांवर तोंडाडी (माउथपीस) दाबून वरचा सूर काढायची सवय लागली की ती सुटत नाही, ओठ सुजतात आणि दहा मिनिटांत आवाज फाटतो. सराव दोन मिनिटे वाजवणे, दोन मिनिटे विश्रांती असा ठेवा. तोंडाडी प्रत्येकाची वेगळी, साबणाच्या कोमट पाण्याने धुतलेली.

या संचाचा खरा कणा साइड ड्रम आहे. राष्ट्रगीत बँडवर वाजवायचे तर त्याआधी ड्रमचा रोल (एकमेकांत मिसळणारे सलग जलद ठोके) हवा, हे केंद्र सरकारच्या आदेशातच आहे. मंद चालीची सात पावले भरतील एवढा त्याचा अवधी. हळू सुरू होऊन जेवढा चढेल तेवढा चढायचा, मग पुन्हा उतरायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहायचा. एक ठोका शांतता, आणि मग 52 सेकंदांचे राष्ट्रगीत. हा रोल जमायला उजवा-उजवा-डावा-डावा असा हात रबराच्या पॅडवर रोज पंधरा मिनिटे, किमान तीन महिने चालवावा लागतो. बहुतेक शाळांत मुलांना थेट ड्रमवर बसवतात. मग दोन ठोक्यांतला दुसरा नेहमी कच्चा पडतो आणि रोलऐवजी खडखडाट होतो.

आणखी एक चूक दिसते ती संचलनात. रांग 34 मीटर लांब असेल तर पुढच्या ड्रमचा आवाज शेवटच्या मुलाला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो. मिनिटाला 120 पावलांच्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे, म्हणजे मागची मुले पावलाच्या पाचव्या हिश्शाने मागे पडतात. ती बेसावध नसतात, ती कानावर चालत असतात. ड्रम रांगेच्या मध्यावर ठेवा आणि मागच्यांना पुढच्या मुलाचा पाय बघायला सांगा.

ब्रास बँड

संधी सर्वांत जास्त इथे, आणि जबाबदारीही. (ब्रास म्हणजे पितळी फुंकीची वाद्ये. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन खरे तर पातीची, म्हणजे रीडची, वाद्ये, पण आपल्याकडे सगळ्याला मिळून ब्रास बँडच म्हणतात.) चोवीस मुलांसाठी चालणारी रचना : सहा ट्रंपेट, सहा क्लॅरिनेट, तीन ऑल्टो सॅक्स, दोन ट्राँबोन, दोन युफोनियम, एक सूझाफोन, तीन साइड ड्रम आणि एक बेस ड्रम. फुंकीची वाद्ये पाचवीच्या आत देऊ नका, पुढचे पक्के दात आलेले हवेत. दातांना तारा लावलेल्या मुलाला ट्रंपेटपेक्षा युफोनियम सोसते, कारण तोंडाडी मोठी असते.

संगीत शिक्षक अडखळतात ते पट्टीवर. ट्रंपेट आणि क्लॅरिनेटने कागदावरचा ‘सी’ वाजवला की ऐकू येते पेटीची काळी पाच. ऑल्टो सॅक्सने तोच ‘सी’ वाजवला की काळी दोन. फळ्यावर एकच स्वरलिपी लिहून सगळ्यांना वाजवायला सांगितले तर ते कधीच जुळणार नाही. काळी पाच पट्टी धरा आणि सा साठी ट्रंपेटला ‘सी’, ऑल्टो सॅक्सला ‘जी’, ट्राँबोनला ‘बी फ्लॅट’ अशा वेगळ्या प्रती काढा. मुलांच्या गळ्यालाही ही पट्टी राष्ट्रगीतासाठी बसते. सूर मिळवायचे ते मैदानावर, खोलीत नव्हे. फुंकीचे वाद्य तापले की सूर चढतो, आणि सकाळी सातला मिळवलेला बँड नऊच्या उन्हात वेगळा वाजतो.

बिघाड बहुधा साधे असतात. धुतल्यानंतर ट्रंपेटमधून हवाच जात नसेल तर व्हॉल्व्ह अदलाबदल झालेले असतात. त्यांच्यावर 1, 2, 3 कोरलेले असते, ते घराप्रमाणे बसवा. अडकलेली तोंडाडी पकडीने उपटू नका, नळी पिळवटते. त्यासाठी वेगळे ओढणी-हत्यार मिळते. व्हॉल्व्हला तेल सरावापूर्वी, स्लाइडला (सरकणाऱ्या नळीला) ग्रीस महिन्यातून एकदा. मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर चूळ भरल्याशिवाय वाद्याला तोंड लावू द्यायचे नाही, हा नियम कडक ठेवा. वाद्ये मेरठहून मागवत असाल तर आधी नमुन्याचे एक मागवा, प्रत्येक स्लाइड हाताने ओढून बघा, आणि जवळचा दुरुस्ती करणारा कोण हे त्याच दिवशी शोधा.

प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने शिक्षण आणि संरक्षण मंत्रालये राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतात. राज्य, विभाग आणि मग दिल्ली अशी तिची चढण आहे. गट चार : मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाइप, मुलींचा पाइप. लेझीम किंवा बिगुलाला तिथे जागा नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षा या वाद्यांना आहेत, आणि गोव्यातल्या मुलांना पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण मिळते. नोकरीचे दारही आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनची पदे वेगळी निघतात, नौदल आणि हवाई दल अग्निवीर भरतीत संगीतवादक घेतात. ग्रामीण भागातल्या मुलांपर्यंत ही माहिती पोचतच नाही, आणि ती पोचवणे हे बँडशिक्षकाच्या कामातच मोडते.

पाइप बँड

पाइप म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायची बॅगपाइप. डौल मोठा, पण शिक्षक दुर्मीळ. सूर नऊच, आवाज लहान-मोठा करता येत नाही, आणि पट्टी काळी पाचच्याही थोडी वर, त्यामुळे पेटी किंवा ट्रंपेटबरोबर जमत नाही. पिशवी हाती देण्याआधी मुलाला सराव-चँटरवर (पिशवीशिवाय वाजवायची, बोटांची भोके असलेली नळी) सहा महिने ते वर्ष काढावे लागते. चार पात्या, एक चँटरची आणि तीन ड्रोनच्या (सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्यांच्या). कोकणच्या पावसाळ्यात त्या भिजून गप्प होतात, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सुकून चिरतात. लष्करातून निवृत्त झालेला पाइपवादक गावातच असेल आणि तो पाच वर्षे यायला तयार असेल, तरच या वाटेला जा.

मग घ्यायचे काय

आठवड्याला दोनच तास मिळत असतील तर लेझीम, आणि सोबत सहा रबरी पॅड. तीन दुपारी मिळत असतील तर पहिल्या वर्षी फक्त ड्रम : सहा साइड, एक बेस, झांजेच्या दोन जोड्या. हाच ताफा पुढे बिगूल, ब्रास आणि पाइप तिन्हींना लागतो, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. दुसऱ्या वर्षी चार ट्रंपेट आणि चार क्लॅरिनेट घ्या, आणि बाहेरचा प्रशिक्षक ठेवताना करार वाद्यविक्रेत्यामार्फत करू नका. शाळेचे शिक्षक त्या तासाला स्वतः हजर राहून शिकलेच पाहिजेत, नाहीतर प्रशिक्षक गेला की बँड गेला.

नववीच्या प्रत्येक वादकामागे सातवीचा एक जोडीदार जूनमध्येच नेमा, एकाच वाद्यावर. दिवाळीनंतर नववीची मुले अभ्यासाकडे वळतात, आणि सव्वीस जानेवारीला वाद्य त्या सातवीच्या हातात असते.