चेंडूमागे न धावणारा कॅमेरा: अमेरिकन फुटबॉल दाखवणाऱ्या एका सेवेचा दोन हंगामांचा अनुभव

12 सप्टेंबर 2023 च्या पहाटे, पोळा दोन दिवसांवर आलेला असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी पावणेसहा वाजता मोबाइल भिंतीला टेकवून न्यूयॉर्क जेट्स आणि बफेलो बिल्स यांच्यातला सामना पाहायला बसलो होतो. अमेरिकेत ती 11 तारखेची, सोमवारची रात्र होती. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे सर्व सामने इंटरनेटवर दाखवणाऱ्या सशुल्क सेवेची वर्षभराची वर्गणी मी त्याच आठवड्यात भरली होती, आणि ती भरण्याचे एकमेव कारण ॲरन रॉजर्स हे होते. चार वेळा लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले, ग्रीन बे पॅकर्सला फेब्रुवारी 2011 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून देणारे हे क्वार्टरबॅक वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी जेट्सकडून प्रथमच खेळायला उतरले होते. चौथ्याच चालीत त्यांच्या डाव्या टाचेमागची अकिलीज शीर तुटली आणि त्यांचा हंगाम तिथेच संपला.

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घेतली आणि तेव्हापासून मुलांना कबड्डी शिकवत आलो. त्यामुळे या सेवेकडे मी करमणुकीपेक्षा अभ्यासाचे साधन म्हणून पाहतो, आणि हे परीक्षणही त्याच नजरेने लिहिले आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात, क्वार्टरबॅक चेंडू हाती घेऊन तो कोणाकडे फेकायचा हे साधारण अडीच-तीन सेकंदांत ठरवतो, आणि तेवढा वेळ त्याच्यासमोर उभी असलेली पाच जणांची फळी अंगावर येणाऱ्यांना थोपवून धरते. ती फळी फुटली, तर हातात कितीही कसब असले तरी काही उपयोग होत नाही.

या सेवेत थेट सामना असतो, जाहिराती व मधला वेळ गाळून सुमारे चाळीस मिनिटांत बसवलेली आवृत्ती असते, आणि एक-दोन दिवसांनी येते ते बावीसही खेळाडू एका चौकटीत दिसतील असे उंचावरून केलेले चित्रण. माझ्या मते वर्गणीचे पैसे वसूल होतात ते या तिसऱ्या गोष्टीमुळे. थेट प्रक्षेपणातला कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि चेंडू बहुतेक वेळ क्वार्टरबॅकच्या हातात असतो. साहजिकच यशाचे श्रेयही त्याला मिळते आणि पडझडीचा दोषही. उंचावरचा कॅमेरा मात्र कोणाच्याच मागे जात नाही.

रॉजर्स यांची ती चौथी चाल मी या चित्रणात किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. थेट प्रक्षेपणात बफेलोच्या लेनर्ड फ्लॉइड यांनी त्यांना पाडले, एवढेच ध्यानात राहते. उंचावरून पाहिले, की नजर जेट्सच्या फळीच्या डाव्या टोकाच्या ड्वेन ब्राऊन यांच्याकडे जाते. अडतीस वर्षांचे हे अनुभवी खेळाडू फ्लॉइड यांच्या पायांवर खाली झेपावतात, फ्लॉइड तोल सावरतात आणि पुढे निघतात. अशा झेपावण्याचा उपयोग चेंडू लगेच सुटणार असेल तरच होतो, कारण खाली गेलेल्या रक्षकाला उठून दुसऱ्यांदा अडवणे शक्य नसते. चेंडू रॉजर्स यांच्या हातातून सुटला नाही. म्हणजे त्या एका चालीत अडवणाऱ्याचाही वाटा आहे आणि फेकणाऱ्याचाही. तरीही मला मोठा दोष त्या दोघांपैकी कोणाचाच वाटत नाही. एकोणचाळीस वर्षांच्या खेळाडूच्या पाठराखणीला अडतीस वर्षांचा खेळाडू उभा करायचा, हे कोणी ठरवले?

ही चाल मी शेजारच्या एका शेतकरी मित्राला दाखवली. खेळाची त्यांना काहीच माहिती नव्हती. त्यांनी दोनदा शांतपणे पाहिले आणि विचारले, "सर, बैल म्हातारा हाय हे घेणाऱ्याले मालूम नव्हतं काय?" आमच्याकडे बाजारात दात पाहिल्याशिवाय कोणी बैलाला हात लावत नाही. जेट्सचे मालक वुडी जॉन्सन आणि महाव्यवस्थापक जो डग्लस यांना वय ठाऊक होते. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी यांनी 2020 मध्ये नव्या संघात जाऊन त्रेचाळिसाव्या वर्षी सुपर बोल जिंकला होता, आणि मला वाटते, त्या एका उदाहरणाने अनेक मालकांना भुरळ घातली. रॉजर्स यांच्यासाठी नव्या खेळाडूंच्या भावी निवडीचे हक्क दिले गेले, ग्रीन बेमधले त्यांचे जुने सहकारी अ‍ॅलन लझार्ड आणि रँडल कॉब आणले गेले, तिथलेच जुने समन्वयक नॅथॅनिएल हॅकेट यांच्याकडे आक्रमणाची सूत्रे आली. 2024 मध्ये फळीचे डावे टोक पुन्हा एका थकलेल्या नामवंताकडे, तेहेतीस वर्षांच्या टायरन स्मिथ यांच्याकडे सोपवले गेले आणि नोव्हेंबरात तेही मानेच्या दुखण्याने बाहेर गेले. ज्या चुकीने एक हंगाम गेला होता, तीच पुन्हा केली गेली.

रॉजर्स यांना मी मोकळे सोडत नाही. 6 ऑक्टोबर 2024 चा लंडनमधला सामना आपल्याकडे संध्याकाळी सातला होता. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, नवरात्र सुरू, आणि तरीही वर्षातून एखादाच सामना अशा सोयीच्या वेळी येतो म्हणून मी देवीच्या आरतीला न जाता घरीच थांबलो. मिनेसोटा वायकिंग्जने तो 23-17 असा जिंकला आणि रॉजर्स यांचे तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. त्यांतला एक अँड्र्यू व्हॅन गिंकल यांनी हवेत टिपून थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन केला. त्या चालीचे उंचावरचे चित्रण पाहिले तर फळी फुटल्याचे कारण पुढे करता येत नाही. समोरचा माणूस चेंडूची वाट ओळखून उभा आहे आणि चेंडू त्याच वाटेने जातो. त्या वर्षी जूनमध्ये, सराव सक्तीचा असताना, रॉजर्स इजिप्तला गेले होते, हेही मला पटलेले नाही. ज्याच्याभोवती सगळा संघ उभारला आहे, त्याने संघासोबत असायलाच हवे.

पण लंडनहून परतल्यावर दोनच दिवसांत शिक्षा झाली ती प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांना. नोव्हेंबरात डग्लसही गेले. संघाने 17 पैकी 5 सामने जिंकले. रॉजर्स यांचे त्या हंगामातले आकडे फेकीचे 3,897 यार्ड, 28 टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्यांनी टिपलेले 11 चेंडू असे आहेत. चाळिशी ओलांडलेल्या, वर्षापूर्वी शीर तुटलेल्या माणसाचे हे आकडे संघ बुडवणाऱ्याचे नाहीत. मालक वुडी जॉन्सन मात्र आपल्या जागी कायम राहिले, आणि दोषाचा सर्वांत मोठा वाटा मी त्यांच्याच पदरात टाकतो.

याची दुसरी बाजू याच सेवेतल्या जुन्या सामन्यांत सापडते. 15 नोव्हेंबर 2015 रोजी डेन्व्हर ब्रॉन्कोसचे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग यांनी कॅन्सस सिटीविरुद्ध वीस चेंडू फेकले. पाच आपल्या माणसांना मिळाले आणि चार प्रतिस्पर्ध्यांना. त्यांचेही वय एकोणचाळीसच होते. कारकिर्दीतल्या फेकीच्या एकूण यार्डांचा विक्रम त्यांनी त्याच दिवशी मोडला आणि प्रशिक्षक गॅरी कुबियाक यांनी त्याच सामन्यात त्यांना बाहेर बसवले. मानेवरच्या शस्त्रक्रिया, पायाच्या तळव्याचे दुखणे, हंगामात 9 टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्यांनी टिपलेले 17 चेंडू. रॉजर्स यांच्यापेक्षा ही घसरण कितीतरी मोठी होती. पण डेन्व्हरची बचावफळी लीगमध्ये अव्वल होती, मॅनिंग यांच्यावर सामना एकट्याने जिंकण्याचे ओझे नव्हते, आणि 7 फेब्रुवारी 2016 रोजी त्यांनी सुपर बोल 24-10 असा जिंकून निवृत्ती घेतली. त्या सामन्याचा मानकरी बचावपटू व्हॉन मिलर ठरला.

आता सेवेच्या उणिवा. समालोचन केवळ इंग्रजीत आहे, आणि खेळ नव्याने पाहणाऱ्याला त्यातले निम्मे शब्द अडतात. मराठी दूरच, हिंदीचीही सोय नाही. उंचावरचे चित्रण शोधायला पाच-सहा ठिकाणी बोट लावावे लागते. वर्गणी एकरकमी जाते आणि मुदत संपताच न विचारता पुन्हा कापली जाते. मी तक्रार केली तेव्हा उत्तर तीन दिवसांनी इंग्रजीत आले आणि पैसे परत मिळाले नाहीत. बहुतेक सामने आपल्याकडे रात्री उशिरा किंवा पहाटे येतात, तेव्हा गावात राहणाऱ्याने थेट सामन्याचा हट्ट न धरता चाळीस मिनिटांची आवृत्ती शाळेच्या वायफायवर उतरवून घ्यावी. तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष खेळ सुमारे अकरा मिनिटांचा असतो, त्यामुळे काही गमावल्यासारखे वाटत नाही. ज्यांना केवळ निकाल हवा आहे त्यांनी एवढा खर्च करू नये. जो कोणताही संघ शिकवतो, त्याने एक हंगाम तरी ही सेवा घ्यावी.

गेल्या वर्षीच्या तालुका स्पर्धेत आमच्या मंडळाचा चौतीस वर्षांचा चढाईपटू शेवटच्या तीन चढायांत पकडला गेला आणि गावाने पराभवाचे खापर त्याच्यावर फोडले; त्यात माझाही आवाज होता. त्या दिवशी आमच्या दोन्ही कोपऱ्यांनी एकही पकड केली नव्हती, हे मला फार उशिरा उमगले. आता शाळेच्या संघाचे सामने मी गच्चीवरून मोबाइलवर टिपतो, चढाई करणाऱ्याच्या मागे तो फिरवत नाही, आणि सातही मुले चौकटीत राहतील एवढ्या अंतरावर उभा राहतो.