कोल्हापुरात चीज करायचे असेल, तर रेनेट कोणते घ्यावे?

म्हशीच्या दुधाला कोल्हापुरात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही डोळ्यांदेखत धार काढून धारोष्ण दुधाचा पेला हातात दिला जातो. तरीही करवीर, कागल, शिरोळ या भागांतील काही तरुण दूध उत्पादक आता पनीरच्या पुढे जाऊन चीज करू पाहत आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न यंत्रांचा नसतो, रेनेटचा, म्हणजे दूध साकळवणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) असतो: बुरशीपासून मिळणारे स्वस्त रेनेट घ्यावे, की जनुकीय तंत्राने तयार केलेले कायमोसिन, म्हणजे वासराच्या रेनेटमधील मुख्य विकर? मी हे दोन्ही वापरले आहे, म्हणून हा आढावा त्यांच्यासाठी लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून काढलेले पारंपरिक रेनेट आपल्याकडे विचारात घेण्याचे कारणच नाही, कारण भारतीय अन्न मानकांच्या व्याख्येनुसार चीज हे प्राणिज नसलेल्या रेनेटने किंवा अन्य योग्य पदार्थाने दूध साकळवून केलेले असावे लागते. पनीरफुलासारखी वनस्पतिजन्य साधने आहेत, पण त्यांची ताकद दरवेळी सारखी राहत नाही आणि चव कडवट होण्याचा धोका असतो, त्यामुळे व्यवसायासाठी मी ती सुचवणार नाही. म्हणजे खरी निवड दोघांतच उरते.

दोन्ही रेनेट काय करतात, ते पातेल्यापाशी उभे राहून पाहावे. दुधातील केसीन या मुख्य प्रथिनाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटत नाहीत, कारण त्यांच्या पृष्ठभागावर कप्पा-केसीन नावाच्या प्रथिनाचे केसाळ आवरण असते. कायमोसिन त्या प्रथिनाच्या साखळीतील 105 आणि 106 या क्रमांकांच्या अमिनो आम्लांमधील एकच जोड कापते, आवरण निघून जाते आणि उघडे पडलेले कण कॅल्शियमच्या साहाय्याने एकत्र येऊन साका तयार होतो. म्हशीच्या दुधात केसीन आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असल्याने हा साका लवकर व घट्ट बसतो. साक्यात सुरी तिरकी घालून हळूच वर उचलावी. तडा सरळ आणि स्वच्छ गेला आणि त्यात हिरवट पिवळी निवळी दिसू लागली, की कापणीची वेळ झाली असे समजावे. बुरशीचे रेनेट, जे बहुधा ऱ्हायझोम्युकर मिहाय या बुरशीपासून मिळते, तेही हाच जोड कापते, मात्र तेवढ्यावर थांबत नाही. ते केसीनच्या इतर साखळ्याही ठिकठिकाणी तोडत राहते, आणि दोघांमधील सगळा फरक इथूनच सुरू होतो.

ताज्या चीजमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. पिझ्झासाठीचे मोझरेला दोन-तीन आठवड्यांत विकले जाणार असेल, तर बुरशीचे रेनेट पुरेसे आहे आणि जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. मुरवायच्या चीजचे मात्र तसे नाही. पहिल्या वर्षी मी गौडा पद्धतीचे सहा गोळे बुरशीच्या रेनेटवर घातले, तेही साका लवकर बसावा म्हणून मात्रा थोडी वाढवून. तिसऱ्या महिन्यात पहिला गोळा कापला, तेव्हा आतील रंग सुरेख होता, पोत चांगला होता, आणि घास गिळल्यानंतर जिभेच्या मागच्या भागावर कारल्यासारखा कडवटपणा रेंगाळत राहिला. वाढवलेल्या मात्रेचा दोष माझा होता हे मी मान्य करतो, परंतु केसीनचे बारीक तुकडे साठून कडवटपणा येणे हा या रेनेटचा ठाऊक असलेला स्वभावच आहे. सहाही गोळे वाया गेले. त्यामागे साठ लिटरहून अधिक दूध होते, आणि ते पहाटे उठून काढलेले दूध होते.

किमतीचा हिशेबही याच दृष्टीने करावा. कायमोसिनची बाटली महाग असते, पण चीजच्या एकूण खर्चात रेनेटचा वाटा अगदी लहान आणि दुधाचा वाटा फार मोठा असतो. केसीन जास्त तुटले की प्रथिने आणि स्निग्धांश निवळीतून निघून जातात. समजा, रोज शंभर किलो चीज होत असेल आणि उतारा अर्ध्या टक्क्याने घटला, तर रोज अर्धा किलो चीज गटारात जाते. निवळी विकायची असेल, तर आणखी एक बाब तपासावी: कायमोसिन उष्णतेने सहज निष्क्रिय होते, तर बुरशीच्या रेनेटचे काही प्रकार पाश्चरीकरणानंतरही टिकून राहतात.

आता ‘जनुकीय’ या शब्दाविषयी. चीजची मागणी वाढली आणि वासरांची जठरे अपुरी पडू लागली, तेव्हा शास्त्रज्ञांनी कायमोसिनचे जनुक सूक्ष्मजीवात घातले. मार्च 1990 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली, आणि जनुक अभियांत्रिकीतून आलेला तो पहिला मान्यताप्राप्त अन्नघटक ठरला. आज अमेरिकेतील बहुतांश चीज त्यावरच तयार होते. सूक्ष्मजीव टाकीत वाढवतात, त्यांनी तयार केलेले प्रथिन गाळून शुद्ध करतात आणि बाटलीत तेवढेच प्रथिन येते. आपल्या घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर फ्रिजमधील इन्सुलिनही याच मार्गाने आलेले असते. 1978 मध्ये जिवाणूकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात यश आले आणि 1982 मध्ये ते औषध म्हणून बाजारात आले. औषधात आपण जे चाळीस वर्षे निःशंकपणे स्वीकारले, त्याला अन्नात केवळ नावामुळे नाकारणे मला पटत नाही.

जयसिंगपूर, इचलकरंजी किंवा कोल्हापूर शहरातील जैन ग्राहक मात्र निराळा प्रश्न विचारतील, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. कायमोसिनसाठी आज कोणत्याही वासराला हात लागत नाही, परंतु त्या जनुकाचा मूळ नमुना वासराचा होता, हे खरे आहे. काहींना हे चालते, काहींना चालत नाही, आणि काहींना आंबवण्याची क्रियाच मान्य नसते. विचारणाऱ्याला हे सगळे जसेच्या तसे सांगावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

काही जण विचारतात की, गाईशिवाय दूध करण्याचे तंत्र आले तर आपण हा खटाटोप कशाला करावा. 2019 मध्ये अमेरिकेत बुरशीकडून तयार करून घेतलेल्या दुधाच्या प्रथिनाचे आइस्क्रीम विक्रीला आले, हे खरे. पण ते निवळीतील प्रथिन होते, आणि रेनेटने त्याचा साका बसत नाही. केसीनचे कण जसेच्या तसे घडवणे पुष्कळ अवघड आहे, म्हणून चीज करणाऱ्याने त्या धास्तीने मागे हटू नये.

माझा सल्ला असा: मुरवायचे चीज करणार असाल, तर कायमोसिन घ्या, केवळ मोझरेला करणार असाल, तर बुरशीच्या रेनेटवर सुरुवात करा. खरेदीपूर्वी पुरवठादाराकडून उगमाचा आणि परवान्याचा कागद लेखी मागा, आणि बाटलीवरील ताकदीचा आकडा पाहूनच मात्रा ठरवा. त्यानंतर एकाच धारेचे दूध दोन पातेल्यांत निम्मे-निम्मे घ्या, विरजण आणि तापमान सारखे ठेवा, फक्त रेनेट वेगळे घाला. साका बसायला लागलेला वेळ, निवळीचा गढूळपणा आणि दाबल्यानंतरचे वजन वहीत लिहा, आणि नव्वदाव्या दिवशी दोन्ही गोळे घरातल्या अशा माणसाला चाखायला द्या, ज्याला कोणता गोळा कशाचा आहे हे ठाऊक नाही.