निंजुत्सू शिकायचंय: घराजवळचा क्लास, पुण्याचा रविवार की मोबाइलवरचा कोर्स?

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर परवा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला निंजुत्सू, म्हणजे जपानी निंजांची (हेरांची) विद्या, शिकायचीय. त्याच्या मोबाइलमध्ये तीन गोष्टी होत्या. एक, घराजवळच्या क्लासच्या बोर्डाचा फोटो: कराटे, कुंग फू, निंजुत्सू, लाठीकाठी, सगळं एकाच बोर्डावर. दुसरी, पुण्यात रविवारी भरणाऱ्या एका छोट्या गटाचा पत्ता. तिसरी, सहा महिन्यांत घरबसल्या ब्लॅक बेल्ट देणाऱ्या कोर्सची जाहिरात. ‘मॅडम, यातलं खरं कुठलं?’ रस्त्यात उभं राहून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण हा प्रश्न मला वरचेवर येतो, आणि यातल्या दोन वाटा मी स्वतः चाललेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ‘खरं’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे गाण्याच्या मैफलीत नवा गवई बसला की पहिला प्रश्न येतो, गुरू कोण? अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज जवळ असलेल्या आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. निंजुत्सूतही पहिला प्रश्न तोच. आज जगभर या नावाने जे शिकवलं जातं, त्यातलं जे काही गंभीरपणे घेण्यासारखं आहे त्यातलं बहुतेक एकाच माणसापर्यंत जाऊन पोचतं: ताकामात्सु तोशित्सुगु (१८८९–१९७२). त्यांनी नऊ घराण्यांची गादी आपल्या शिष्याकडे, हात्सुमी मासाआकी यांच्याकडे सोपवली. हात्सुमींचा जन्म १९३१ चा, गाव तोक्योजवळचं नोदा. त्यांची संस्था म्हणजे बुजिनकान. पुढे त्यांच्याच हाताखाली शिकलेले तानेमुरा शोतो बाहेर पडले आणि १९८४ मध्ये त्यांनी गेनबुकान काढली. १९९६ मध्ये मानाका फुमिओ यांनी जिनेनकान काढली. कुणी निंजुत्सू शिकवतो म्हणाला तर तो बहुधा या तिघांपैकी एका झाडाची फांदी असतो. नसेल, तर त्याने तसं स्पष्ट सांगायला हवं.

इथे एक गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही. त्या नऊ घराण्यांतली तीनच निंजुत्सूची मानली जातात: तोगाकुरे, ग्योकुशिन आणि कुमोगाकुरे. बाकीची सहा सामुराईंच्या निःशस्त्र आणि सशस्त्र लढाईची आहेत. म्हणजे वर्गात तुमचा बहुतेक वेळ जाणार तो पडणं, उभं राहणं, मनगट सोडवणं, फेकणं आणि काठी यांत. तोगाकुरे घराणं आपली परंपरा बाराव्या शतकापर्यंत मागे नेतं, पण या वंशावळीच्या पुराव्यांवर जपानी अभ्यासकांनीच प्रश्न उभे केले आहेत. म्हणून ‘आठशे वर्षांची अखंड विद्या’ असं छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा ‘माझे गुरू हे, त्यांचे गुरू ते, त्यामागचं असं असं सांगितलं जातं’ असं म्हणणारा शिक्षक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आणि ज्याला घुसखोरी, वेषांतर, खबरी काढणं याचंच वेड आहे त्याने वर्ग शोधायच्या आधी वाचायला बसावं. १६७६ चा ‘बान्सेनशुकाई’ हा जपानातल्या इगा-कोका भागांतल्या शिनोबींचा, म्हणजे निंजांचा, मोठा ग्रंथ. त्याचा भर मनाची ठेवण, हेरगिरी, आत शिरण्याच्या युक्त्या, बंदुकीची दारू आणि विस्तव यांवर आहे, ठोसा-लाथेवर नाही. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. खानापूर तालुक्यात बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी दाखवतात. महाराजांचा हेरखात्याचा तो प्रमुख तलवारीपेक्षा माहितीच्या जोरावर मोठा झाला. काळ्या कपड्यातला निंजा डोक्यातून काढून त्या जागी बहिर्जी ठेवले की या विषयाबद्दलच्या निम्म्या चुकीच्या अपेक्षा आपोआप गळून पडतात.

बोर्डावरचा क्लास

काही वर्षांपूर्वी बी.एड.साठी सांगलीत असताना मी अशाच एका क्लासला नाव घातलं. सर कुणाकडे शिकले हे विचारलं तर उत्तर ‘जपानहून’ एवढंच. भिंतीवर सर्टिफिकेटं भरपूर, पण कुठल्याही एका संस्थेचं नाव दोनदा दिसत नव्हतं. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि तिची फी वेगळी. हे सगळं डोळ्यांसमोर असूनही मी थांबले, कारण मला शिकायचंच होतं. दुसऱ्या आठवड्यात शहाबादी फरशीवर, एक पातळ सतरंजी टाकून, आम्हाला उडी मारून कोलांटी घ्यायला लावली. खांद्यावर पडले. हासळीचं हाड मोडलं आणि पुढचे सहा आठवडे हात झोळीत. पडायचं कसं हे तोवर कुणी एकदाही शिकवलेलं नव्हतं. त्या दिवसापासून माझी पहिली कसोटी ठरली: पहिल्या महिन्यात पडायला शिकवतात की नाही. बाकी सगळं नंतर.

मात्र गावातल्या सगळ्या क्लासना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. जो कराटे कराटे म्हणून शिकवतो, ज्युदो ज्युदो म्हणून शिकवतो, आपली शैली आणि आपली संघटना सांगतो, तो माझ्या लेखी प्रामाणिक शिक्षक. अडचण बोर्डावर चार विद्या एकत्र दिसल्या की सुरू होते. चार विद्या नीट शिकायला चार आयुष्यं नाही, पण चार वेगळे गुरू तरी लागतातच. म्हणून त्या सरांना प्रत्येक विद्येचा गुरू वेगवेगळा विचारा. कराटेचं नाव लगेच आलं आणि निंजुत्सूच्या वेळी विषय बदलला, तर तिथे कराटेच शिका. ते कदाचित उत्तम असेल.

कुणी ‘थेट इगाच्या गुप्त घराण्याची दीक्षा’ सांगायला लागलं तर तिथून उठा. कोकाच्या बान घराण्याची शिनोबी परंपरा सांभाळणारे कावाकामी जिनइची यांनी जाहीरपणे सांगितलंय की ते वारस नेमणार नाहीत. विद्येला आजच्या काळात जागा उरली नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः तो माणूस असं म्हणत असताना आपल्या जिल्ह्यात गुप्त वारस कुठून येणार?

पुण्याचा रविवार

साताऱ्याहून पुणे एकशे दहा किलोमीटर. पहाटेची एसटी पकडली की नऊच्या वर्गाला पोचता येतं. एसटी, नाश्ता आणि वर्गाची फी धरून एक रविवार मला हजाराच्या आसपास पडायचा. आठवड्याला हे कुणालाच झेपत नाही. मी महिन्यातून एकदा जायचे.

पहिल्याच रविवारी शिक्षकांनी मला उकिडवं बसवलं. उजवा हात कमानीसारखा पुढे टेकवायला लावला, मानेमागे दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, ‘हनुवटी छातीला. डोकं जमिनीला लागणारच नाही.’ मग हळूच पुढे लोटलं. हातावरून खांदा, खांद्यावरून तिरकं पाठीतून विरुद्ध कुल्ला, आणि मी पुन्हा उकिडवी बसलेली. आवाज काहीच नाही. मोडलेल्या हाडाच्याच खांद्यावरून गेले होते आणि दुखलं नव्हतं. तिथे डोळ्यांत पाणी आलं, ते सांगायला मला संकोच नाही. पुढचे तीन रविवार एवढंच: पुढे, मागे, बाजूला. उभ्याने पडणं पाचव्या महिन्यात.

अशा गटात गेल्यावर काय विचारायचं? बुजिनकानमध्ये पाचव्या दानची (दान म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) एक खास परीक्षा असते. उमेदवार डोळे मिटून गुडघ्यांवर बसतो, मागे उभा असलेला परीक्षक डोक्यावर तलवारीचा वार करतो (हातात बांबूची शिनाई असते), आणि तो न बघता चुकवायचा असतो. ती पार केली की शिदोशी, म्हणजे स्वतंत्रपणे शिकवायची परवानगी असलेला शिक्षक, होता येतं. म्हणून सरळ विचारा: ‘पाचवा दान कुठे आणि कुणासमोर झाला?’ खरा शिक्षक या प्रश्नाने खूष होतो, पुढचं अर्धा तास सांगत बसतो. पाचव्याच्या खालचा माणूस शिकवत असेल तर त्यातही वावगं काही नाही, फक्त त्याच्यावरचा शिदोशी कोण ते त्याने सांगितलं पाहिजे.

पण कागद खरा म्हणजे शिकवणं चांगलं, असं मात्र नाही. बुजिनकानमध्ये दान पंधरापर्यंत जातात आणि एकाच दानाची दोन माणसं अंगाने फार वेगळी असू शकतात. स्पर्धा नाहीत, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे हे बाहेर कुठे ठरत नाही. यासाठी कडेला बसून एक आख्खा वर्ग बघा आणि ठोसा मारणाऱ्याच्या मुठीवर नजर ठेवा. समोरचा हलला नाही तर ती मूठ खरंच त्याच्या तोंडावर पोचेल का? वीतभर अलीकडेच थांबत असेल, आणि तरीही समोरचा झोकात बाजूला होऊन त्याला पाडत असेल, तर तिथे दोघं मिळून नाच बसवताहेत. वेग कमी असला तरी चालेल, सुरुवातीला कमीच असावा. अंतर मात्र खरं हवं. आणि बघायलाच बसू देत नसतील, ‘आतलं बाहेर दाखवत नाही’ म्हणत असतील, तर मुलींनी तर त्या दारात पाऊलच टाकू नये.

मोबाइलवरचा कोर्स

यावर फार लिहिण्यासारखं नाही. इतिहास ऐकायला आणि रविवारी शिकलेलं घरी आठवायला व्हिडिओ चांगले. पडणं त्यावरून शिकता येत नाही, कारण मानेमागे दोन बोटं ठेवायला तिथे कुणी नसतं. घरबसल्या मिळालेला ब्लॅक बेल्ट कुठल्याही वर्गात दाखवा, तुम्हाला पहिल्या ओळीपासूनच सुरुवात करायला लावतील.

मग त्या मुलाने काय करावं?

त्याच्या मोबाइलमध्ये नसलेली चौथी वाट मी त्याला सांगितली. सहा महिने घराजवळ ज्युदो, नाहीतर तालीम. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ आणलं, ते याच मातीत कुस्ती शिकून. ताक-तेल-हळद घातलेल्या हौद्यात वस्ताद तुम्हाला दिवसात वीस वेळा पाडतो, तेव्हा पडण्याची भीती शिल्लक राहत नाही. खऱ्या ताकदीचा माणूस अंगावर आला म्हणजे काय होतं, हे निंजुत्सूच्या वर्गात उशिरा कळतं, तालमीत पहिल्या दिवशी कळतं. एक फरक तेवढा ध्यानात ठेवा. ज्युदोत पडताना हात मॅटवर सपकन आपटतात, निंजुत्सूत कठीण जमिनीवर आवाज न करता गोल जायचं असतं. मीही पुण्याआधी ज्युदो केला होता; एकातून दुसऱ्यात जाताना ती आपटायची सवय मोडायला मला दोन महिने लागले. तरीही हाच क्रम मी पुन्हा निवडेन.

या सहा महिन्यांत महिन्यातून एक रविवार पुणे. तिसऱ्या फेरीनंतर ठरवायचं, त्याआधी वर्षाची फी एकरकमी कुठेही भरायची नाही. पहिल्याच दिवशी काळा ड्रेस आणि शुरिकेन (फेकायची धारदार पाती) विकायला काढणाऱ्याकडे तर अजिबात नाही.

उद्देश वेगळा असेल तर उत्तरही बदलतं. खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण किंवा नोकरीतलं आरक्षण डोळ्यांसमोर असेल, तर निंजुत्सूचा विचारच सोडा. त्याच्या स्पर्धा नाहीत. ज्युदो १९६८ चा अपवाद सोडता १९६४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, कुस्ती तर आपल्या घरचीच. दोन महिन्यांत स्वसंरक्षण हवं असेल तर तेही इथे मिळणार नाही, इथली पहिली दोन वर्षं पाया घालण्यातच जातात. आणि जपानच नको, शस्त्रांचीच ओढ आहे, असं असेल तर शेजारच्या कोल्हापुरात मर्दानी खेळाचे वस्ताद आहेत. लाठी, पट्टा, विटा (दोरी लावलेला भाला), सगळं जिवंत आहे आणि तिथे परंपरा तपासायला भाषेची अडचणही नाही.

त्याने मला संध्याकाळी मेसेज केला, पहिल्या दिवशी काय घेऊन जाऊ म्हणून. साधी ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, पाण्याची बाटली. नखं कापून जा. हातातलं कडं आणि गळ्यातली चेन घरी ठेव. ड्रेस घ्यायची घाई नको, तो सरांनी सांगितल्यावर घे.