गाओकाओचं इंग्रजी वाचन: सूक्ष्म की विस्तृत?

चीनमधल्या गाओकाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा असतो. नव्या स्वरूपात त्यातले ५० गुण वाचनाचे: चार उताऱ्यांवर १५ प्रश्न, शिवाय एका उताऱ्याच्या रिकाम्या जागी सातांपैकी पाच वाक्यं निवडून बसवायची.

सूक्ष्म वाचनात शिक्षक एकच उतारा घेऊन वाक्य न् वाक्य उलगडतात. चिनी मुलांना याची खरंच गरज असते. चिनीत नामाचं वर्णन, कितीही लांबलचक असलं तरी, नामाच्या आधी येतं. इंग्रजीत 'हू' किंवा 'विच'ने सुरू होणारं उपवाक्य नामानंतर येतं, आणि मुख्य क्रियापद त्याच्याही पलीकडे जाऊन बसतं. ते नेमकं हुडकायची सवय संथ वाचनानेच लागते. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, त्यामुळे आधी काय घडलं आणि नंतर काय, हेही सुरुवातीला निसटतं.

विस्तृत वाचनात आपल्या पातळीच्या गोष्टी नि बातम्या भरपूर वाचायच्या, दर शब्दाला कोश उघडायचा नाही. यातून वेग येतो. वाक्यं बसवण्याच्या प्रश्नात तर परिच्छेदाचा ओघच ओळखायचा असतो. सुटं व्याकरण तिथे पुरत नाही.

परीक्षेआधीच्या उच्च माध्यमिकच्या तीन वर्षांपैकी पहिल्या दोन वर्षांत मी विस्तृत वाचनालाच झुकतं माप देईन. तिसरं वर्ष बहुतेक उजळणी आणि सराव पेपरांतच जातं. तेव्हा चुकलेल्या प्रश्नांपुरतं सूक्ष्म वाचन करावं.